एका हंगामाचा जमाखर्च

एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारी आमच्या चिरंजीवांच्या फुटबॉल संघाचा हंगामातला शेवटचा सामना झाला. मुले १-३ अशी हरली. दहा संघांत सातवा क्रमांक आला. घरी आल्यावर त्याने बूट बाल्कनीत वाळत टाकले आणि सरळ जेवायला बसला. मी मात्र जेवण झाल्यावर संगणकावरचा एक तक्ता उघडून बसलो. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्याने प्रत्येक गोष्टीचा तक्ता मांडायची मला खोड आहे. सप्टेंबर ते एप्रिल या आठ महिन्यांत मुलाच्या फुटबॉलवर किती खर्च झाला, किती तास गेले, किती वेळा दुखापत झाली, हे सारे त्यात नोंदले होते.

दर ऑगस्टमध्ये मंडळातील कोणी ना कोणी विचारते, "मुलाला फुटबॉलला घालायचं म्हणतोय, कसं काय?" एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा प्रपंच. आमच्या हातून दोन चुका झाल्या, त्याही लिहितो. एक आरोग्याची आणि एक पैशाची. पुढे कळले की या दोन चुका मुळात एकच होत्या.

फुटबॉलच का?

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ. पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना शाहू स्टेडियमवर असला की घरातली मोठी माणसेही दुपारची झोप सोडून जायची. आम्ही मुले पावसात, चिखलात, बहुधा अनवाणी खेळायचो. फी नव्हती, गणवेश नव्हता आणि खेळायला जातो म्हणून कोणाला विचारावेही लागत नसे. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात खेळला. तेव्हा आमच्या घरात जणू आपल्याच पेठेतले पोर खेळत असल्यासारखा जल्लोष झाला होता.

बहरीनलाही मुलांच्या फुटबॉलचा वारसा आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. १९८९ साली स्कॉटलंडमध्ये सोळा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली. तीत जेमतेम पाच लाख वस्तीच्या या बेटाच्या मुलांनी उपान्त्यपूर्व सामन्यात ब्राझीलला पेनल्टी किकवर हरवले. उपान्त्य सामन्यात ते सौदी अरेबियाकडून हरले आणि शेवटी चौथे आले. तो चषक सौदीनेच जिंकला. पुढे बहरीनच्या मोठ्यांच्या संघाने २०१९ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये आखाती चषक जिंकला, त्यामागे क्लबांच्या वयोगटांमध्ये वर्षानुवर्षे चाललेली ही तयारी आहे. मुहर्रक क्लब तर १९२८ पासूनचा. संध्याकाळी मुहर्रक किंवा रिफाच्या बाजूला गेलात तर दहा-बारा वर्षांची मुले दिव्यांच्या उजेडात सराव करताना दिसतील.

आपली मुले बहुधा खाजगी अकादमींत जातात आणि या अकादमींच्या आपसात वयोगटानुसार लीग होतात. "माझा मुलगा राष्ट्रीय लीगमधल्या क्लबकडून खेळू शकेल का?" असे अनेक पालक विचारतात. त्यासाठी फिफाचा एक नियम माहीत असावा. अठरा वर्षांखालील परदेशी मुलाची क्लबमध्ये नोंदणी सरसकट होत नाही. आईवडील फुटबॉलसाठी नव्हे तर स्वतःच्या नोकरीधंद्यासाठी त्या देशात आले असतील, किंवा मूल पहिल्या नोंदणीपूर्वी सलग पाच वर्षे तिथे राहिले असेल, तर अपवाद म्हणून वाट मोकळी होते. मुलांचा व्यापार होऊ नये म्हणून हा नियम केलेला आहे. तेव्हा मुलाचा जन्मदाखला, निवासाची कागदपत्रे आणि आपला नोकरीचा करार एका फाईलमध्ये नीट ठेवावा. आणि कोणी "पैसे भरा, क्लबात लावून देतो" म्हणाले तर तिथूनच नमस्कार करावा.

पहिली चूक : पावसातून थेट भट्टीत

गेल्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी आम्ही कोल्हापुरात काढली. सहा आठवडे धो धो पाऊस. ऑगस्टच्या अखेरीस मनामात उतरलो आणि चौथ्या दिवशी अकादमीचा सराव सुरू झाला. वेळ संध्याकाळी पाचची. पारा छत्तीसवर होता, म्हणजे इथल्या मानाने फार नव्हे, पण समुद्रावरून दमट हवा येत होती. पहिल्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "बाबा, डोकं दुखतंय." मी म्हणालो, "थोडं सोसायला शीक. आम्ही तर..." पुढचे भाषण आपण सर्वच बाप करतो, ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी तो मैदानाच्या कडेला येऊन खाली बसला. चेहरा पांढरा पडलेला, अंग घामाने निथळलेले, पोटऱ्यांत गोळे आलेले. दोनदा उलटी झाली. सुदैवाने नाव विचारले, शाळा विचारली, तर उत्तरे बरोबर देत होता. दुसऱ्या एका मुलाच्या आईने, त्या परिचारिका आहेत, त्याला आडवे करून पाय उंच ठेवले, बूट-मोजे काढले, बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल मानेवर आणि काखेत ठेवले आणि घोट घोट पाणी पाजले. पाऊण तासाने तो सावरला. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

नंतर डॉक्टरांनी जे समजावले ते असे. शरीर थंड होते ते घाम येऊन नव्हे, तर घाम वाळून. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता गळतो. म्हणून मनामातली सप्टेंबरची दमट संध्याकाळ कधीकधी जूनमधल्या कोरड्या दुपारपेक्षा घातक ठरते, आणि नुसता पारा पाहून काही कळत नाही. ऊन, आर्द्रता आणि वारा यांचा एकत्रित विचार करणारे एक मापन आहे. त्याचा आकडा ३२ अंशांच्या वर गेला की सामन्यात गारव्यासाठी खास विश्रांती द्यावी, असे फिफाचे धोरण आहे. कृत्रिम हिरवळ दिवसभर उन्हात तापते आणि हवेपेक्षा खूपच गरम होते, ही आणखी एक गोष्ट.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सवयीचा. उष्ण हवेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. सहा आठवडे पावसात राहिलेले मूल बहरीनमध्ये जन्मलेले असले तरी परतल्यावर पाहुण्यासारखेच असते. इथल्या सरकारने उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करण्यास मनाई केली आहे आणि २०२५ पासून ती १५ जून ते १५ सप्टेंबर अशी तीन महिन्यांची केली आहे. बांधकामावरच्या धट्ट्याकट्ट्या कामगारांसाठी जर एवढी काळजी घेतली जाते, तर बारा वर्षांच्या मुलाला "सोस" म्हणणारा मी कोण?

प्रत्येक पालकाने हे पाठ करून ठेवावे. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोळे, भरपूर घाम ही झाली उष्णतेने आलेल्या थकव्याची लक्षणे. अशा वेळी खेळ त्याच क्षणी थांबवायचा, सावलीत न्यायचे, गार करायचे, पाणी द्यायचे आणि त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही. परंतु मूल असंबद्ध बोलू लागले, ओळखेनासे झाले, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्या वेळी शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. ताबडतोब ९९९ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहावे, शक्य असल्यास टबात बसवून डोके पाण्याबाहेर धरावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. आधी गार करा आणि मग हलवा, हा क्रम चुकवू नये.

पिण्याबद्दल एक सोपी युक्ती. सरावाआधी आणि नंतर मुलाचे वजन करावे. अर्धा किलो कमी भरले तर सुमारे अर्धा लिटर पाणी अंगातून गेले असे समजावे. तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरते. त्याहून जास्त खेळ असेल आणि घाम फार जात असेल, तर चिमूटभर मीठ घातलेले लिंबूपाणी, ताक किंवा कोकम सरबत उत्तम. रंगीबेरंगी बाटल्यांवर पैसे घालवण्याची गरज नाही. मात्र एकदम दोन-दोन लिटर नुसते पाणी ढोसायला लावणेही बरे नव्हे, त्याने रक्तातले मीठ उतरते.

दुसरी चूक : सवलतीचा मोह

अकादमीची फी महिन्याला २८ दिनार. आठ महिन्यांचे २२४. हंगामाची फी एकरकमी भरली तर २०० दिनार. चोवीस दिनार वाचतात म्हणून मी सप्टेंबरमध्येच सगळी भरून टाकली. पावतीवर "परतावा मिळणार नाही" असे बारीक अक्षरांत लिहिले होते. रोज दुसऱ्यांचे करार वाचून त्यांतल्या उणिवा काढणारा मी, ही एक ओळ मात्र वाचली नाही.

नोव्हेंबरमध्ये आमच्या कंपनीत कुजबुज सुरू झाली. जानेवारीत किती जणांचे करार वाढतील याची खात्री नव्हती. रात्री मुले झोपल्यावर सौ. आणि मी जेवणाच्या टेबलावर हिशेब करत बसायचो. शाळेची फी, घरभाडे, गावाकडचे कर्ज. एकदा मी वैतागून म्हणालो, "आणि ते दोनशे दिनार आधीच देऊन बसलोय." मुले झोपली आहेत असे आपल्याला वाटत असते, एवढेच.

जानेवारीत कराराचे निभावले. पण एका सामन्यात चिरंजीव लंगडताना दिसले. विचारले तर म्हणे, "काही नाही." पुढच्या आठवड्यात सकाळी पलंगावरून उतरताना तो टाच टेकवतच नव्हता. हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबली आणि मुलगा कळवळला. दुखणे कधीपासून आहे असे त्यांनी विचारले. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "डिसेंबरच्या सुरुवातीपासून." मी विचारले, "अरे, मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "फी भरलीये ना बाबा. वाया गेली असती."

दवाखान्यात मला काही उत्तर सुचले नाही.

दुखणे गंभीर नव्हते. वाढत्या वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग अजून मऊ असतो आणि पोटरीचा स्नायू त्याला सतत ओढत असतो. धावणे-उड्या अति झाल्या की तो भाग सुजून दुखतो. साधारण आठ ते चौदा वयाच्या खेळणाऱ्या मुलांत हे नेहमी आढळते. गुडघ्याच्या खाली नडगीच्या उंचवट्यावर होणारे दुखणेही याच जातीचे. विश्रांती, बर्फाचा शेक, पोटरी ताणण्याचे व्यायाम आणि बुटात टाचेखाली मऊ गादी, एवढ्यावर ते बरे होते. मात्र दाबून खेळत राहिले तर आठवड्यांचे दुखणे महिन्यांवर जाते. आम्हाला सहा आठवड्यांची सुट्टी मिळाली. रक्तात ड जीवनसत्त्वही कमी निघाले. आखातात उन्हाची ददात नाही, पण आपली मुले घर, गाडी आणि शाळा अशी सावलीतच वाढतात.

डॉक्टरांनी एक साधा नियम सांगितला. आठवड्यात शिस्तबद्ध खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती असावी आणि वर्षात दोन-तीन महिने त्या खेळाला सुट्टी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशाच मर्यादा सुचवते. मी तक्ता पाहिला. अकादमी पाच तास, शाळेचा संघ चार तास, सुट्टीच्या दिवशीचे क्रिकेट चार तास, एकूण तेरा. मुलाचे वय बारा. आकडे माझ्याच संगणकात होते, बेरीज मात्र मी केली नव्हती.

आता पैशाचा हिशेब

आमचा आठ महिन्यांचा खर्च असा झाला : फी २०० दिनार, लीगची नोंदणी १५, गणवेश २२, बूट ४० (पाय वाढल्याने दोन जोड), नडगीची पॅडे व मोजे ९, पेट्रोल ४८, फळे-पाणी वगैरे ३०, डॉक्टर आणि फिजिओथेरपी ६५. एकूण ४२९ दिनार, म्हणजे आपल्या एक लाख रुपयांच्या आसपास. खरेदीवरचा मूल्यवर्धित कर यात आलाच. तो २०१९ मध्ये पाच टक्के होता, २०२२ पासून दहा टक्के आहे.

यातून मी चार धडे घेतले.

पहिला, एकरकमी सवलत ही सवलत असतेच असे नाही. सहा आठवडे मुलगा घरी होता. मासिक दराने ते ४२ दिनार झाले. वाचवले होते २४. म्हणजे अठरा दिनारांचे नुकसान, आणि मुलाच्या मनावर ओझे ते वेगळेच. आता आम्ही दरमहा फी भरतो. एकरकमी भरायचीच असेल तर आजारपणात फी पुढे ढकलता येईल का, हे लेखी घ्यावे.

दुसरा, आरोग्य विम्याची पॉलिसी हंगामाआधी वाचावी. फिजिओथेरपीला आधी मंजुरी लागते का, खेळातील दुखापत धरली जाते का, आपला हिस्सा किती, हे तीन प्रश्न विचारावेत. आम्ही मंजुरी न घेताच पहिल्या दोन भेटी घेतल्या आणि ते पैसे खिशातून गेले.

तिसरा, खेळाचा खर्च महिन्याच्या पगारातून भागेल तेवढाच करावा. मार्च २०२४ पासून परदेशी कर्मचाऱ्यांच्या सेवासमाप्तीच्या रकमेपोटी मालकाला दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरणा करावा लागतो. पहिल्या तीन वर्षांसाठी पगाराच्या ४.२ टक्के आणि त्यानंतर ८.४ टक्के. ती रक्कम सुरक्षित राहते हे उत्तम, पण ती आपल्या म्हातारपणाची आणि गावी परतण्याची पुंजी आहे. "नंतर मिळणारच आहेत" म्हणून आज हात सैल सोडू नये. निदान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावरच मोठ्या शिबिरांचा, परदेश दौऱ्यांचा विचार करावा.

चौथा, याला गुंतवणूक म्हणू नये. मुलगा मोठा खेळाडू होईल आणि पैसे वसूल होतील, या हिशेबाने फी भरली की मुलाला ते कळते. आपण सांगितले नाही तरी कळते.

हंगामाचा शेवट

फेब्रुवारीच्या अखेरीस तो पुन्हा मैदानात उतरला, आधी वीस मिनिटे, मग अर्धा सामना. रमजानमध्ये सराव इफ्तारनंतर रात्री नऊला असे. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर आम्ही पाठवले नाही, कारण वाढत्या मुलाची झोप हीसुद्धा प्रकृतीच आहे. कोच थोडे नाराज झाले, पण ऐकून घेतले. क्रिकेट त्याने स्वतःहून पुढच्या वर्षावर टाकले.

एका संध्याकाळी मैदानावरून परतताना गाडीत मी त्याला म्हणालो, "फी वाया गेली तर जाऊ दे. दुखलं तर पहिल्यांदा मला सांगायचं." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि डोकं दुखलं तर?" सप्टेंबरमधले माझे भाषण तो विसरला नव्हता. "तेही सांगायचं," मी म्हणालो. "मी सोस म्हणणार नाही."

शेवटच्या सामन्यात तो पूर्ण वेळ खेळला. संघाचा एकमेव गोल त्याच्या पासवर झाला. हरल्यानंतर मुलांनी कोपऱ्यातल्या नळावर डोकी भिजवली आणि एकमेकांवर पाणी उडवत बसली. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

असो. येत्या सुट्टीत बरीच मंडळी भारतात जातील आणि ऑगस्टअखेर परततील. माझी एवढीच विनंती आहे की परतल्यावर मुलांना पहिले दोन आठवडे निम्माच सराव करू द्या, फी महिन्याच्या महिन्याला भरा आणि आठवड्यातून एकदा, सामन्याची चौकशी करण्याआधी, "कुठं दुखत तर नाही ना?" एवढे विचारा. कोणाला माझा तक्ता हवा असल्यास मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जरूर मागून घ्यावा. बेरजेचा रकाना आता मी आधीच घालून ठेवला आहे.